डावरी पळी

दुकान उघडलं तेव्हा शटरचा आवाज झाला नाही.
रात्री साडेअकराला, सिडकोतल्या स्वयंपाकघरात,
कुकरला टेकवून फोन उभा केला
आणि एक बटण दाबलं.
ना नारळ, ना पेढे,
ना समोरच्या टपरीवाल्याचं, 'काय ताई, काय विकणार?'

विकणार एकच वस्तू.
पितळी पळी, आतून कल्हई,
चोच उजव्या अंगाला,
म्हणजे डाव्या हाताला सोपी.

अंबडच्या कारखान्यात अठरा वर्षं
दुसऱ्यांच्या नटबोल्टांची ड्रॉइंगं काढली.
कोपऱ्यातल्या चौकटीत माझी आद्याक्षरं,
चिरडलेल्या डासाएवढी.
मग कारखाना गेला दुसऱ्या राज्यात.
मी राहिले. हात राहिला. डावा.

हाच तो, ज्यावर आत्यानं
भर पंगतीत उलथन्याचा दांडा मारला होता,
'डाव्या हातानं वाढतात होय गं?'
तुपाची धार भाताला चुकवून लिंबाच्या फोडीवर गेली होती.

त्र्यंबककाका तांबटांनी कागद फिरवून फिरवून पाहिला.
'हे उलटं काढलंयस.'
म्हटलं, काका, हेच सुलटं.
पाच पळ्या वाया गेल्या.
सहावीची चोच नीट आली,
सातवीची पुन्हा हट्टी.
पीएफचे बावीस हजार ऐरणीवर ठोकले जाताना
आवाज मात्र छान येत होता.

पहिल्या दिवशी शून्य.
नवव्या दिवशी शून्य, पण तेवीस जणांनी पाहिलं,
त्यातले वीस आमच्याच घरचे.
एक पोरगा व्हिडिओत सांगत होता, झोपेत पैसे कमवा.
मी तर जागी होते,
तरी येत नव्हते.

फोटो पुन्हा काढले.
दुपारी पितळेत माझाच चेहरा दिसायचा, फोन धरलेला, ओढलेला.
सकाळी साडेसातला खिडकीत ठेवली
तेव्हा कुठे पळीत फक्त पळी दिसली.
निरंजन काही बोलायचा नाही.
फक्त पेपरची घडी अशी घालून ठेवायचा
की नोकऱ्यांचं पान वर राहावं.

एकेचाळिसाव्या दिवशी फोन टणकन वाजला.
आधी बहिणीला विचारलं, तूच ना?
'मला कशाला गं पळी?'

इंदूबाई गावित, नवापूर. नग एक.
भवानी झाली.

जुन्या ड्रॉइंगांचे कागद काढले,
अठरा वर्षांतले रद्द झालेले नटबोल्ट,
त्यांत पळी गुंडाळली, बाळाची टाळू झाकावी तशी.
रविवार कारंज्यावर कुरियरवाल्यानं वजन केलं.
खर्च वजा जाता उरले एकोणीस रुपये.
तेवढ्यात मिसळ नाही येत,
वर मागितलेला जास्तीचा पावही नाही.

मग पुन्हा सतरा दिवस काही नाही.
मग एका आठवड्यात तीन.
त्यातली एक परत आली,
'चोच चुकीच्या बाजूला आहे.'
पैसे पाठवले, वर लिहिलं,
चोच बरोबर आहे, हात तुमचा उजवा आहे, क्षमस्व.

आणि एका संध्याकाळी इंदूबाईंचा आवाज आला,
मागे कुणीतरी पोरांना गप्प बसवत होतं,
'मुलीला घेतली होती वो. अंगणवाडीत खिचडी वाढते ती.
आता सांडत नाही.
अजून एक पाठवा.
माझ्यासाठी.
मी पण डावरीच आहे,
घरात माहीत नाही कुणाला.'

तो निरोप मी तीनदा ऐकला.
चौथ्यांदा निरंजनला ऐकवला.
त्यानं पेपर उचलून रद्दीत टाकला,
मला वाटतं, तो त्या दिवशीचा वाचायचाही राहिला होता.

दोन वर्षं झाली.
जुन्या पगाराच्या निम्म्यावर आलेय.
निम्मं बाकी आहे, आणि ते येईलच असं
मी कुठल्याही व्हिडिओत सांगणार नाही.

काल नवा कागद घेऊन तांबट आळीत गेले.
काकांनी चष्मा शोधलाच नाही.
हात पुसत म्हणाले,
'उलटंच ना?'